मागाहून सापडणारे अल्बम : गावातल्या श्रोत्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अल्बम निघाला तेव्हा तो तालुक्याच्या दुकानापर्यंत आलाच नाही, किंवा आला तेव्हा घरात टेप नव्हता. आता हातात मोबाईल आहे, पण काय शोधायचे आणि सापडलेले खरे की खोटे हे कळत नाही. विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून असे शोधणाऱ्यांसाठी ही उत्तरे आहेत.

एकेक गाणे मिळतेच. मग अख्खा अल्बम कशाला शोधायचा?

मोबाईलच्या दुकानातून मेमरी कार्डात भरून आणलेल्या गाण्यांना क्रम नसतो आणि बरेचदा नावही नसते. फाइलच्या नावात गायकाऐवजी कुठल्यातरी वेबसाइटचे नाव असते. अल्बमचे तसे नाही. कोणते गाणे आधी आणि कोणते नंतर, हे कोणीतरी बसून ठरवलेले असते. १९६७ सालचा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ घ्या. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार आणि माणिकराव पोपटकरांचा तबला. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस त्यात मांडला आहे. सुरुवात अहिर भैरव आणि नट भैरव या सकाळच्या रागांनी होते, पुढे पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी. शफल लावून, म्हणजे क्रम उलटसुलट करून, ऐकले तर देसच्या मागून पहाट उगवेल. सूर तेच राहतील, दिवस मात्र मोडेल.

एलपीच्या, म्हणजे मोठ्या तबकडीच्या, एका बाजूवर साधारण २० ते २५ मिनिटे मावत, साठ मिनिटांच्या कॅसेटवर बाजूला ३०. त्यामुळे बाजू कुठे संपवायची आणि दुसरी कशाने उघडायची, हाही विचार करावा लागे. जुना अल्बम मोबाईलवर ऐकताना पहिली बाजू जिथे संपते तिथे दोन मिनिटे थांबा. रचना जास्त उलगडते.

इतका चांगला होता, तर तेव्हाच का कळला नाही?

चांगला असणे वेगळे आणि पोचणे वेगळे. कंपनी किती प्रती काढते, कोणत्या शहरात पाठवते, रेडिओवर लागतो की नाही, यावर सगळे अवलंबून असे. दुकानदारही खपणाराच माल भरणार.

चरणजितसिंग या मुंबईच्या वादकाने १९८२ मध्ये सिंथेसायझरवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तेव्हा त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. २०१० मध्ये तो अल्बम पुन्हा प्रकाशित झाला आणि युरोपात पुढे गाजलेल्या एका नृत्यसंगीताशी त्याचे साम्य पाहून लोक थक्क झाले. रोड्रिगेझ या अमेरिकी गायकाचा १९७० चा पहिला अल्बम त्याच्या देशात पडला आणि दक्षिण आफ्रिकेत घरोघरी वाजला. २०१२ च्या एका माहितीपटानंतर बाकी जगाला तो कळला. पुनर्प्रकाशन, माहितीपट, जाहिरात, कुणीतरी इंटरनेटवर चढवलेली प्रत: उशिरा सापडलेल्या बहुतेक अल्बममागे यातलेच एखादे कारण असते.

सुरुवात कुठून करावी?

‘सर्वोत्तम १०० अल्बम’ अशा याद्यांपासून नको. त्या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात आणि मराठी त्यात जवळजवळ नसतेच.

तुम्हाला आधीच आवडणाऱ्या एका ध्वनिमुद्रणापासून निघा आणि त्यावरच्या गायकाऐवजी बाकीची नावे वाचा. संगीतकार कोण, संयोजन कोणाचे, तबल्यावर कोण, बासरीवर कोण, शब्द कोणाचे? यातले एक नाव धरून पुढचा अल्बम शोधा. गायकाच्या नावाने शोधले तर गाजलेलेच वर येते. वादकाच्या किंवा संगीतकाराच्या नावाने शोधले की मागे राहिलेले हाती लागते.

वरचेच उदाहरण पुढे नेऊ. संतूर आणि बासरीवरची हीच जोडी पुढे शिव-हरी या नावाने चित्रपटांना संगीत देऊ लागली. १९८१ चा ‘सिलसिला’ त्यांचा. तबल्याच्या वाटेने गेलात तर झाकिर हुसेन, आणि त्यांच्यामागून १९७६ चा ‘शक्ती’. जॉन मॅक्लॉफ्लिन यांची गिटार, एल. शंकर यांचे व्हायोलिन, विक्कू विनायकराम यांचा घटम. हे १९७५ मध्ये श्रोत्यांसमोर झालेले वादन आहे. संतूर ऐकायला निघालेला माणूस दोन पावलांत घटमपाशी पोचतो.

शब्दांची वाट आपल्या भागातल्यांना आणखी जवळची. सुरेश भट अमरावतीचे. हृदयनाथ मंगेशकरांनी त्यांच्या रचनांना दिलेल्या चाली लताबाई आणि आशाबाई गायल्या. त्या ऐकून झाल्या की अमरावती जिल्ह्यातलेच भीमराव पांचाळे यांचे गझलगायन ऐका. तीच मराठी गझल, पण मैफलीच्या अंगाने, शेर थांबून थांबून म्हणत जाणारी. एका कवीच्या मागे लागून इतके मिळते.

गाणे ठाऊक आहे, अल्बमचे नाव नाही. कसे शोधू?

गाणे कुठे वाजत असेल तर शझॅमसारखे ओळखणारे अ‍ॅप लावा. ते प्रकाशित ध्वनिमुद्रणच ओळखते. गावच्या ऑर्केस्ट्राने गायलेले नाही. नुसती चाल आठवत असेल तर गुगलच्या शोधात माइक दाबून १० ते १५ सेकंद गुणगुणा. चित्रपटगीते चटकन सापडतात, भजने क्वचित.

तेही जमले नाही तर मुखड्याऐवजी अंतऱ्यातली ओळ देवनागरीत टाकून शोधा. एकाच मुखड्याची चार भजने असतात, अंतरा सहसा एकच. नंतर तेच रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहून पाहा, कारण कंपन्यांनी नावे जशी जमतील तशी लिहिली आहेत.

कव्हर हाती असेल तर गुगल लेन्सने फोटो काढा आणि कव्हरवरचा क्रमांक वाचा. एचएमव्हीच्या एलपींवर क्रमांकाआधीची अक्षरे महत्त्वाची. ईसीएलपी आणि ईएएलपी म्हणजे मोनो, ईसीएसडी आणि ईएएसडी म्हणजे स्टिरिओ. हा क्रमांक डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर टाकला की दोन्ही बाजूंची गाणी, क्रम आणि बरेचदा साल मिळते. गाण्याच्या नावापेक्षा हा क्रमांक जास्त भरवशाचा.

अ‍ॅपवर साल २०१४ दाखवते, पण आवाज तर फार जुना वाटतो. खरे काय?

आवाजावर विश्वास ठेवा. अ‍ॅपवरचे साल बहुतेकदा सीडीच्या किंवा ऑनलाइन चढवल्याच्या तारखेचे असते. अंदाज घ्यायला लांबी पाहा. गाणे तीन ते साडेतीन मिनिटांत संपते आणि मागे सतत खरखर आहे, तर ते ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरचे असण्याचा संभव मोठा, कारण दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तेवढेच मावे. एकच राग २० मिनिटांच्या आसपास असेल तर एलपीची बाजू.

आणखी एक घोळ. ‘हिट्स’, ‘गोल्ड’, ‘बेस्ट ऑफ’ असे शब्द नावात असतील तर तो मूळ अल्बम नाही, नंतर गोळा केलेला संच आहे. त्यातले आवडलेले गाणे धरा आणि मूळ अल्बमपर्यंत मागे जा.

सापडले ते मूळ ध्वनिमुद्रण की नक्कल?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि फसतात मात्र खूप. तीन गोष्टी तपासा.

एक, गायक. कॅसेटच्या जमान्यात गाजलेली गाणी दुसऱ्या गायकांकडून गाऊन घेऊन स्वस्तात विकली गेली. कव्हरवर चित्रपटाचे नाव मोठे आणि गायकाचे बारीक असे. त्या प्रती आजही अ‍ॅपवर मूळ गाण्याच्या शेजारीच असतात.

दोन, ठेका. ‘झंकार बीट्स’ लिहिलेले असेल तर मूळ गाण्यावर नंतर ढोलक आणि ड्रम चढवलेले आहेत. ट्रॅक्टरवर मोठ्याने वाजवायला ते चालत असेल, पण त्याखाली मूळ वाद्यमेळ दबतो. त्यावरून अल्बमची पारख करू नका.

तीन, वेग. घरच्या कॅसेटवरून चढवलेल्या प्रतींत हा दोष हमखास. फीत सहा टक्के जोरात फिरली की आवाज अर्ध्या स्वराने चढतो आणि २० मिनिटांची बाजू सुमारे १८ मिनिटे ५२ सेकंदांत संपते. गायक ओळखीचा असूनही आवाज पातळ, घाईचा वाटत असेल तर दुसरी प्रत शोधा आणि दोन्हींची लांबी ताडून पाहा. तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर षड्ज जुळवून पाहिला तर फरक लगेच कळतो.

रेंज नीट नाही आणि दिवसाला दीड जीबीच मिळते. कसे भागवावे?

सहज भागते. फक्त व्हिडिओ लावू नका. १६० केबीपीएसला (सेकंदाला १६० किलोबिट) तासाला ७२ एमबी लागतात, ९६ ला ४३ आणि ३२० ला १४४. म्हणजे ४५ मिनिटांचा अल्बम मधल्या दर्जात ५४ एमबीत येतो. तोच यूट्यूबवर चित्रासह पाहिला तर कित्येक पट डेटा जातो, आणि चित्र म्हणजे बहुतेकदा एकच स्थिर फोटो असतो.

पैसे भरलेले अ‍ॅप असेल तर तालुक्याला गेल्यावर किंवा पहाटे टॉवरवर गर्दी नसताना अल्बम उतरवून ठेवा. स्पॉटिफायवर उतरवलेली गाणी टिकवायला ३० दिवसांतून एकदा तरी ऑनलाइन यावे लागते. महिनाभर शिवारातच असाल तर हे विसरू नका, नाहीतर गाणी वाजेनाशी होतात. फुकटच्या आवृत्तीत मोबाईलवर हव्या त्या क्रमाने ऐकण्यावर बंधने असतात. क्रम पाळायचा तर तोच अल्बम कंपनीच्या अधिकृत यूट्यूब वाहिनीवर प्लेलिस्ट म्हणून आहे का ते पाहा. सेटिंगमध्ये शफल आणि क्रॉसफेड दोन्ही बंद ठेवा. क्रॉसफेडमुळे एका आलापाच्या शेवटावर दुसऱ्याची सुरुवात चढते.

माळ्यावर कॅसेटींची पेटी निघाली. लावून पाहू का?

लगेच नको. विदर्भात कॅसेटने दोन्ही टोके सोसलेली असतात: नवतप्यातले टिनाखालचे ऊन आणि नंतरचा चार महिन्यांचा दमटपणा. उन्हाने प्लास्टिक वाकते, ओलीने फितीवर बुरशी येते.

कॅसेटच्या खिडकीतून फितीची गुंडाळी पाहा. कडेवर पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट चांगल्या टेपमध्ये घालू नका, हेडवरून ती पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. बाजूला काढा, कोरड्या हवेशीर जागी ठेवा, आणि हाताळताना तोंडाला रुमाल बांधा.

गुंडाळी स्वच्छ असेल तर कॅसेटच्या तोंडाशी, फितीच्या मागे मधोमध असलेली छोटी गादी जागेवर आहे का ते बघा. तांब्याच्या पट्टीवरची ही नमद्याची किंवा फोमची गादी फितीला हेडवर दाबते. ती गळली की आवाज बसका आणि कमीजास्त होतो, आणि लोक म्हणतात ‘कॅसेट खराब झाली’. दुसऱ्या निकामी कॅसेटमधली पट्टी काढून बसवली की काम होते. कोपऱ्यांत आणि मध्ये असे पाच स्क्रू असतील तर उघडणे सोपे. चिकटवलेली कॅसेट उघडताना फुटते, म्हणून फक्त अटळ असेल तेव्हाच.

त्यानंतर षटकोनी पेन्सिल चाकात घालून दोन-तीन फेरे हाताने फिरवा. अडले तर जोर करू नका. मोकळे फिरले तर टेपमध्ये घालून एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा पूर्ण मागे न्या, मगच वाजवा. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या फितीचा ताण असा सारखा होतो आणि गुंतण्याची शक्यता कमी होते.

फीत तुटली तर साधी सेलोटेप लावू नका. उन्हाळ्यात तिचा गोंद पाझरतो आणि शेजारचे वेढे चिकटतात. फीत जोडण्यासाठीची स्प्लायसिंग टेप मिळवा. दोन्ही टोके एकावर एक ठेवून तिरकी कापा, टोकाला टोक भिडवा आणि हेडला न लागणाऱ्या बाजूने पट्टी लावा. ही बाजू ओळखताना चकाकीवर भरवसा ठेवू नका, काही फितींची हेडकडची बाजूही चमकते. कॅसेटमध्ये बाहेरच्या अंगाला असते ती हेडची बाजू. पट्टी आतल्या अंगाने लावा.

टेप चालू होतो, पण फीत खातो किंवा आवाज डोलतो.

फीत खाण्याचे कारण बहुधा फीत पुढे ओढणारा मळलेला रबरी पिंच रोलर, किंवा फीत गुंडाळणारे चाक न फिरणे. डोलण्याचे कारण सैल पट्टा. हेड, त्याशेजारची लोखंडी दांडी आणि रोलर तिन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीवर पुसा. काडीवर तपकिरी मळ येणे थांबेपर्यंत पुसा, मग दहा मिनिटे वाळू द्या. अत्तर किंवा रॉकेल चालणार नाही.

पट्टा वितळून डांबरासारखा झाला असेल तर तोही अल्कोहोलनेच निघतो. नवा पट्टा घेताना जुना मापाला देऊ नका, तो ताणलेला असतो. चाकांभोवती दोरा फिरवून माप घ्या आणि त्याहून थोडा लहान घ्या. तालुक्यातले जुने रेडिओ-टीव्ही मेकॅनिक हे काम आजही करतात. टेप सेलवर चालत असेल तर आधी सेल बदला. उतरलेल्या सेलवर भीमसेन जोशीही मंद्र सप्तकात जातात.

कॅसेट कॉम्प्युटरमध्ये कशी घ्यावी?

टेपचे लाइन-आउट, ते नसेल तर हेडफोनचे भोक, तिथून वायर काढून यूएसबी साउंड कार्डाच्या लाइन-इनला जोडा. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात थेट घालू नका. ते बहुधा मोनो असते आणि टेपचा जोरकस आवाज तिथे फाटतो. स्पीकरसमोर मोबाईल धरून केलेले ध्वनिमुद्रण हा शेवटचा उपाय.

ऑडॅसिटी हे फुकटचे सॉफ्टवेअर घ्या. ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ. गाण्यातला सर्वांत मोठा भाग आधी वाजवून पातळी अशी ठेवा की काटा उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. हेडफोनच्या भोकातून घेत असाल तर टेपचा आवाज निम्म्याच्या आसपास ठेवा. नंतर एक बाजू सलग घ्या, मध्ये थांबवू नका. कच्ची फाइल वेव्ह स्वरूपात जपा. मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटला ६०० एमबीच्या थोडे वर. तुकडे पाडणे आणि एमपी-थ्री करणे नंतर.

घूंऽऽ असा सलग आवाज येत असेल तर तो घरच्या विजेचा ५० हर्ट्झचा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, बहुतेकदा तेवढ्याने जातो. विजेचा दाब खालीवर होत असेल तर ध्वनिमुद्रण तेव्हा करू नका, मोटारपंप सुरू असण्याची वेळही टाळा. खरखर घालवण्याचे बटण फार ओढू नका. त्यासोबत तंबोरा आणि श्वासही जातात.

तबकड्या मिळाल्या तर?

एलपी आणि ७८ ची तबकडी एकाच सुईवर लावू नका. ७८ ची खाच रुंद असते, तिला सुमारे ७६ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची सुई त्यात तळाशी घासते. आणि ७८ ची तबकडी लाखेची असते, तिला अल्कोहोल लावले की ती विरघळते. दोन्ही उभ्या ठेवा, आडवी चळत उन्हाळ्यात वाकते.

जुन्या कॅसेटी आणि सीडी कुठे मिळतात?

तालुक्यातल्या बंद पडत आलेल्या दुकानांच्या मागच्या खोलीत, भंगारवाल्याकडे, आठवडी बाजारात चादरीवर. भंगारवाल्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्याच्या लेखी ते प्लास्टिक आहे. भीमगीतांसाठी दसऱ्याच्या सुमारास नागपूरच्या दीक्षाभूमीच्या परिसरात लागणारी पुस्तकांची आणि गाण्यांची दुकाने पाहा. विकत घेण्याआधी बुरशी आणि गादी, एवढे दोन तपासाच.

आमच्या दंडारीची, भजनी मंडळाची एक कॅसेट आहे. ती कशाला जपायची?

सगळ्यांत आधी तीच घ्या. लतादीदींची कॅसेट खराब झाली तर तोच अल्बम आणखी कुठेतरी आहे. झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकाची पदे, दंडार, खडीगंमत अशी लोकनाट्ये, खंजिरीवरची भजने, कुणी घरच्या टेपवर घेतली असतील तर जगात तेवढीच एक प्रत असू शकते. ध्वनिमुद्रणासोबत कोण गाते, पेटीवर कोण, गाव कोणते, साधारण साल, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून त्याच दिवशी लिहून ठेवा. आवाज वीस वर्षांनीही ऐकता येईल, ओळखणारे राहणार नाहीत. फाइल दोन जागी ठेवा, आणि गायक किंवा त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय इंटरनेटवर चढवू नका.

असे घेणे कायद्यात बसते का?

स्वतःकडच्या कॅसेटची प्रत स्वतःच्या ऐकण्यापुरती ठेवा. वाटू नका, विकू नका. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे असतो. गीत आणि चाल यांचा हक्क वेगळा: कवी किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. तबकडी मोकळी झाली म्हणून गाणे मोकळे झाले असे नाही.

एकदा ऐकला, आवडला नाही. सोडू का?

तीनदा ऐका, आठवडाभराच्या अंतराने. पहिल्यांदा नुसता. दुसऱ्यांदा वायरच्या इअरफोनवर, काही न करता. लहान ब्लूटूथ स्पीकर दोन्ही बाजू एकत्र करतो आणि खालचे स्वर गिळतो. तिसऱ्यांदा क्रमाने, दोन बाजूंमध्ये थांबून. तरी नाही रुचला तर खुशाल सोडा, पण वहीत नाव राहू द्या.

शेतात ऐकावे का?

वेचणीला, निंदणाला ओळखीचा अल्बम चालतो, नवा नको, लक्ष तुटते. रात्री जागलीला एकाच कानात घाला. रोही आणि रानडुक्कर दुसऱ्या कानानेच कळतात.

वहीत काय लिहावे?

अल्बम, साल, कंपनी, क्रमांक, वादक, कुठून कळला, कोणत्या तारखांना ऐकला. आणि शेवटचा रकाना मोठा ठेवा: यातले कोणते नाव पुढे शोधायचे आहे.